‘कॅग’ म्हणजे कमर्शियल आर्टिस्ट्स गिल्ड: कोणाला काय आठवतंय?

ओलीशाई
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज पहिला धागा काढतेय. सांभाळून घ्या.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची बाबांची ट्रंक खाली काढली. बाबा कमर्शियल आर्टिस्ट होते. १९६८ साली मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातून जी. डी. आर्ट ही पदविका केली आणि मग फोर्टमधल्या एका जाहिरात कंपनीत तीस वर्षं लेटरिंग आणि फिनिशिंग. ते जाऊन चार वर्षं झाली. ट्रंकेत सुकून खडखडीत झालेली रॉट्रिंगची पेनं आहेत, ब्रोमाइडच्या पट्ट्या आहेत, लेट्रासेटचे, म्हणजे घासून अक्षरं उमटवायचे कागद आहेत. त्यातला इंग्रजी ‘ई’ प्रत्येक कागदावर संपलेला आणि ‘एक्स’ सगळे शिल्लक! तळाशी जाड बोर्डावर चिकटवलेली सहा आर्टवर्क आणि कमर्शियल आर्टिस्ट्स गिल्डच्या, म्हणजे कॅगच्या प्रदर्शनाची एक पत्रिका.

आई म्हणाली, “कॅगच्या प्रदर्शनाला आम्ही दोघं नटूनथटून जायचो. तुझे बाबा लग्नातसुद्धा सूट घालायला तयार नव्हते, पण तिथे घालायचे.” तेव्हापासून डोक्यात घोळतंय. चित्रकारांची बॉम्बे आर्ट सोसायटी तर १८८८पासून होती. मग जाहिरातवाल्यांना आपली वेगळी संस्था का लागली? आणि बाबांसारख्या, पाठ मोडेपर्यंत टेबलावर वाकून काम करणाऱ्या माणसाला तिच्यातून काय मिळालं?

शेवटचा प्रश्न घरगुती आहे. सहापैकी कुठल्याच आर्टवर्कवर नाव नाही. यातलं बाबांनी नक्की काय केलंय, हे ओळखायचं कसं?

पुणेरीमॉनिटर
शीर्षकात ‘कॅग’ वाचून माझ्या सीए भावाने अधाशासारखा धागा उघडला, सरकारी ताळेबंद निघेल म्हणून. आता लेट्रासेट म्हणजे काय ते मला विचारत बसलाय. ओलीशाई, स्वागत. पहिलाच धागा झकास.

गिरगावकर_जुना
ओलीशाई, तुमच्या वडिलांच्या आगेमागेच मी जे. जे.त होतो. मला ठाऊक आहे तेवढं सांगतो.

जे. जे. स्कूल १८५७चं. पण तिथे कमर्शियल आर्टचा वेगळा विभाग निघायला १९३५ साल उजाडलं. व्ही. एन. आडारकरांनी तो विभाग उभा केला. तोवर मुंबईत छापखाने होते, गिरण्या होत्या, कापडावरची लेबलं, कॅलेंडरं, रेल्वेची पोस्टरं, सिनेमाच्या जाहिराती असं रग्गड काम होतं. ते करणाराला मात्र लोक ‘पेंटर’ म्हणायचे नाहीतर ‘ड्रॉइंगवाला’. विभाग निघाला तरी आवारात दोन जाती राहिल्याच. फाइनवाले आणि कमर्शियलवाले. फाइनवाला कॅन्टीनमध्ये सहज बोलून जायचा, “तुम्ही काय बुवा, साबण विकणार.” बोलण्यात खुन्नस नसायची, पण लागायचं.

कॅग निघाली १९४८ साली. काळ बघा. १९४७ला याच शहरात चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप निघाला, त्यावर ग्रंथच्या ग्रंथ लिहून झालेत. पुढच्याच वर्षी जाहिरातीच्या कलावंतांनी एकत्र येऊन गिल्ड काढली, त्यावर मराठीत चार पानं सलग सापडत नाहीत. याचं मला फार वाईट वाटतं.

वेगळी संस्था का लागली? बॉम्बे आर्ट सोसायटीच्या भिंतीवर तैलचित्र लागायचं, जलरंग लागायचा. वर्तमानपत्रातली चार कॉलमी जाहिरात, आगपेटीचं लेबल, औषधाचा खोका हे कुठे लावणार? ते दुसऱ्या दिवशी रद्दीत जायचं. गिल्डने वर्षभरातलं असं काम मागवून स्पर्धा घेतली, प्रदर्शन मांडलं, निवडक कामाचे वार्षिक अंक काढले. म्हणजे एका दिवसाचं आयुष्य असलेल्या कामाला राहायला जागा दिली.

नावाचंही सांगतो. पुढे ‘कमर्शियल आर्टिस्ट्स’ जाऊन ‘कम्युनिकेशन आर्ट्स गिल्ड’ झालं. आद्याक्षरं तीच राहिली. तोवर कॉपीरायटर, फोटोग्राफर, फिल्मवाले सगळे एकाच गाड्यात बसले होते, म्हणून नाव रुंद केलं. कॉलेजचंही तसंच. १९६१ला विभाग स्वतंत्र झाला तो ‘अप्लाइड आर्ट’ या नावाने. ‘कमर्शियल’ शब्द दोन्हीकडून गेला. मला मात्र तोच आवडायचा, कारण त्यात आमच्या पोटापाण्याची लाज नव्हती.

लंडननिवासी
वरच्या प्रतिसादाला एक जोड. न्यूयॉर्कची ग्राफिक कलावंतांची संस्था एआयजीए १९१४ची, तिथलाच आर्ट डिरेक्टर्स क्लब १९२०चा. पण लंडनची डिझायनर आणि आर्ट डिरेक्टरांची संस्था डी अँड एडी, जिच्या पिवळ्या पेन्सिलीसाठी जगभरचे जाहिरातवाले जीव टाकतात, ती १९६२ची. म्हणजे मुंबईची गिल्ड तिच्याआधी चौदा वर्षं उभी होती. मी इथे ऑफिसात सांगितलं तर कोणाला खरं वाटेना.

ओलीशाई
@गिरगावकर_जुना, काका, ‘राहायला जागा’ हे वाचून थांबले जरा. बाबा वर्तमानपत्र रद्दीत घालायच्या आधी प्रत्येक पान उलटून बघायचे. आम्हा भावंडांना तो त्यांचा चाळा वाटायचा.

नवीडिझायनर
मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. मी २०१९ला पास झाले. गेल्या वर्षी एका कंपनीने बोधचिन्हासाठी ‘आधी तीन पर्याय दाखवा, आवडलं तर पैसे’ म्हणून काम करून घेतलं. आठवडाभर रात्री जागून तीन पर्याय दिले. उत्तर आलं नाही. चार महिन्यांनी त्यातलंच एक, रंग बदलून, त्यांच्या टेम्पोवर दिसलं. मी रस्त्यात उभी राहून रडले.

तेव्हा गिल्ड, असोसिएशन वगैरे वाचलं की मला एकच विचारावंसं वाटतं. पंच्याहत्तर वर्षं संस्था आहे तर फुकटचे पर्याय मागणं बंद का नाही झालं? बक्षिसं वाटायची तर प्रवेश फी भरू शकणाऱ्या मोठ्या एजन्सींनाच ती मिळणार. एकट्या माणसाचं काय?

गिरगावकर_जुना
@नवीडिझायनर, रागवू कशाला? तुमच्यावर झाला तो सरळसरळ अन्याय आहे.

पण गिल्ड म्हणजे युनियन नव्हे. गिरणी कामगारांची युनियन होती तशी ही पगारासाठी भांडणारी संघटना नव्हती. एका छताखाली एजन्सीचा मालकही सभासद, त्याचा आर्ट डिरेक्टरही आणि तिथलाच फिनिशिंग आर्टिस्टही. दर ठरवायला बसले असते तर पहिल्याच बैठकीत फाटलं असतं. तिचं काम होतं दर्जाचं. चांगलं काय, ते आपसात ठरवायचं आणि उघड सांगायचं. तिची मर्यादा मलाही दिसते, पण त्या काळात तेवढं करणारंही दुसरं कोणी नव्हतं.

बाकी एजन्सींची संघटना, ट्रिपल ए ऑफ आय, १९४५पासूनच आहे, पण ती धंदा चालवणाऱ्यांची. हाताने काम करणाऱ्यांची ही एक.

वकिलीणबाई
@नवीडिझायनर, तुमच्यासाठी कामाचं सांगते. आपला कॉपीराइट कायदा १९५७चा. नोकरीत असताना केलेल्या कामाचे हक्क, वेगळा करार नसेल तर, कलम १७प्रमाणे मालकाकडे जातात. पण तुम्ही नोकर नव्हता आणि हक्क लिहूनही दिले नव्हते, तेव्हा त्या चित्राचे हक्क तुमचेच. हक्क सोपवायचे तर लेखी लागतं. ईमेल, तारखा, मूळ फायली जपून ठेवा आणि नोटीस पाठवा.

आणि @ओलीशाई, कलम ५७ बघा. हक्क मालकाला गेले तरी ‘हे मी केलं’ म्हणायचा अधिकार कलाकाराकडेच राहतो. कायद्यात तो ‘विशेष हक्क’ आहे. तुमच्या बाबांच्या कामावर नाव छापलं गेलं नाही ही धंद्याची रीत, कायद्याने त्यांचं नाव पुसलेलं नाही.

नवीडिझायनर
@वकिलीणबाई, ‘लेखी लागतं’ हे पाच वर्षांच्या कोर्समध्ये कोणी शिकवलं नाही हो. मूळ फायली आहेत, तारखांसकट. आभार.

कोल्हापुरी_ब्रश
नावावरनं आठवलं. आमच्याकडं कोल्हापुरात बोर्ड रंगवणारा पेंटर खालच्या कोपऱ्यात आपलं नाव टाकल्याशिवाय ब्रश धुवत नाही. दुकान किराणाचं असो नाहीतर चप्पलचं, कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘अमुक आर्ट्स’ आणि मोबाइल नंबर. ट्रकच्या मागंसुद्धा असतंय. माझ्या चुलत्यानं हयातभर बोर्ड रंगवले, निम्म्या तालुक्याला त्याचं नाव पाठ. आणि मुंबईत लाखांनी खपणाऱ्या पेपरात जाहिरात करणाऱ्या माणसाचं नाव त्याच्या शेजाऱ्यालाबी ठाव नाही! हे कसं काय?

गिरगावकर_जुना
@कोल्हापुरी_ब्रश, नेमक्या ठिकाणी बोट ठेवलंत. कारण असं की एजन्सीतली जाहिरात एकाच्या हातची नसायची. व्हिज्युअलायझर कल्पना काढून ले-आउट करायचा, इलस्ट्रेटर चित्र, लेटरिंगवाला अक्षरं, कॉपीरायटर मजकूर. मग फिनिशिंग आर्टिस्ट सगळं कापून, रबर सोल्यूशनने चिकटवून, कॅमेऱ्यासमोर ठेवण्याजोगं आर्टवर्क पक्कं करायचा. सही कोणाची घेणार? आणि ग्राहक म्हणणार, माझ्या साबणावर दुसऱ्याचं नाव कशाला?

एअर इंडियाचा महाराजा १९४६चा. तो ज्यांच्या कल्पनेतून आला त्या एअर इंडियाच्या बॉबी कूकांचं नाव अनेकांनी ऐकलेलं असतं. तो चितारला उमेश राव यांनी, हे किती जणांना माहीत आहे? अमूलची मुलगी १९६६ची, त्यात जाहिरातकार सिल्व्हेस्टर डाकुन्हांबरोबर चित्रकार युस्टेस फर्नांडिसांचा हात होता. एशियन पेंट्सचा गट्टू आर. के. लक्ष्मण यांचा, १९५४चा, पण त्यांना देश ओळखायचा तो व्यंगचित्रांमुळे.

गिल्डच्या निकालात काय असायचं? कामाखाली नावांची उतरंड. आर्ट डिरेक्टर अमुक, इलस्ट्रेटर तमुक, फोटोग्राफर, कॉपीरायटर. ओलीशाई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच. ती नावाची यादी हवी होती, म्हणून वेगळी संस्था लागली. तुमच्या बाबांनी सूट घालायचं कारणही मला तेच वाटतं.

सासष्टीकार
मडगावहून देव बरें करूं. आमच्या दीनानाथ दलालांची आठवण कोणीच काढली नाही? १९१६ला इथे मडगावात जन्मले, मुंबईत नाव काढलं, १९४५ला ‘दीपावली’ हा अंक सुरू केला. मुखपृष्ठावर ‘दलाल’ ही सही असली की अंक हातोहात जायचा. रघुवीर मुळगावकरही गोव्याचेच. त्यांची लक्ष्मी-सरस्वती कॅलेंडरातून घराघरांत देवाशेजारी लागली, तीही सहीसकट. म्हणजे मुखपृष्ठ आणि कॅलेंडरवाल्यांना सही मिळाली, जाहिरातवाल्यांना नाही. फरक कामाच्या दर्जात नव्हता, छापून कुठे येतं त्यात होता.

अक्षरवेडा
इथे मला थोडा वाद घालायचाय. @गिरगावकर_जुना, यादीचं पटलं. पण यादीत मराठी किती होतं? मी ८०च्या दशकात एजन्सीत होतो. जाहिरात आधी इंग्रजीत व्हायची. ती मंजूर झाली की संध्याकाळी सहा वाजता आमच्या टेबलावर यायची, ‘लँग्वेज अ‍ॅडॅप्टेशन’ म्हणून. इंग्रजी शीर्षकासाठी पंधरा दिवस आणि मराठीसाठी एक रात्र! इंग्रजी अक्षराच्या डोक्यावर काही नसतं, आमच्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार. त्याच चौकटीत बसवायचं म्हणजे अक्षर चिरडायचं. अशा कामाला बक्षीस कुठून मिळणार? माझ्या आठवणीत त्या समारंभांचं वातावरण इंग्रजीच होतं. आम्ही मागच्या रांगेत.

देवनागरी अक्षराला मान मिळाला तो दुसऱ्या वाटांनी. कमल शेडग्यांनी नाटकांच्या जाहिरातीत अक्षरांनाच अभिनय करायला लावला. माणसं पेपर उघडून आधी नाटकाचं पान बघायची. २०२०च्या जुलैत ते गेले तेव्हा आमच्या पिढीतले कितीतरी जण पोरके झाल्यासारखे बोलत होते. र. कृ. जोशी एजन्सीतलेच, उल्का या जाहिरात कंपनीचे. पुढे मुंबई आयआयटीच्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकवलं आणि मग संगणकासाठी देवनागरी घडवली. विंडोज २०००बरोबर आलेला ‘मंगल’ फॉन्ट त्यांचा. अच्युत पालवांनी मोडीचा अभ्यास केला आणि सुलेखन गावोगाव नेलं. २०२५ला पद्मश्री मिळाली त्यांना.

गिरगावकर_जुना
@अक्षरवेडा, मान्य. मराठीचं पारडं हलकं होतं, आणि आम्ही समोर बसलेल्यांनी ते बोलून दाखवलं नाही ही आमची चूक. एवढंच म्हणेन की तुम्ही घेतलेली नावं वाढली ती याच शहरात, याच एजन्सी आणि छापखान्यांच्या वातावरणात.

पुणेरीमॉनिटर
अवांतर: रॉट्रिंगचं सुकलेलं पेन कोमट पाण्यात दोन दिवस ठेवून मग हलवायचं. आतली तार मोडली तर संपलं. वडिलांचं ०.२चं पेन मी असंच वाचवलंय. ते हातात घेतलं की रेघ मारताना अजूनही श्वास रोखला जातो.

आणि संगणकावर मराठी लिहायचं श्रीलिपी सॉफ्टवेअर आमच्या पुण्याचं, नोंद घ्यावी.

कोल्हापुरी_ब्रश
नोंद घेतली. मिसळ आमची, ती पण नोंदवा.

नवीडिझायनर
रुपयाचं चिन्ह आठवा. १५ जुलै २०१०ला मंजूर झालं आणि संध्याकाळपर्यंत उदय कुमार हे नाव देशभर झालं. मी तेव्हा शाळेत होते. तो फोटो बघूनच मी या क्षेत्रात यायचं ठरवलं. त्यामुळे यादीचा मुद्दा मला आता नीट कळला. मी माझ्या कामांच्या पानावर कालपासून सोबतच्यांची नावं लिहायला घेतलीत, अगदी फोटोतला कचरा साफ करून देणाऱ्या मित्राचंही.

फिनिशरदादा
धागा आज बघितला. ओलीशाई, तुमचा तिसरा प्रश्न सगळे विसरले, म्हणून लिहितो. पस्तीस वर्षं फिनिशिंग केलंय.

बोर्ड उलटा करा. मागे स्टुडिओचा जॉब नंबर असतो, कधी पेन्सिलीने, कधी शिक्क्याने. त्याच्या आसपास कोणाकडे काम दिलं त्याची आद्याक्षरं असू शकतात. पुढच्या बाजूला वरून दुमडलेला बटर पेपर असेल, त्यावर आर्ट डिरेक्टरच्या दुरुस्त्या असतात. तो फाडू नका, टेपला हात लावू नका. रबर सोल्यूशन जुनं झालं की पिवळं पडून अक्षरं आपोआप सुटतात. सुटलेला तुकडा फेकू नका, पाकिटात घालून मागे नोंद करा.

आणि अक्षरं बघा. दोन लेटरिंगवाल्यांचा ‘अ’ सारखा येईल, ‘क’ सारखा येईल, कारण ते गिरवून घेतलेले असतात. पण ‘ळ’, ‘झ’ आणि ‘ण’ची वळणं माणसागणिक वेगळी. आमच्या स्टुडिओत नुसता ‘ळ’ बघून हात कोणाचा ते सांगायचे.

ओलीशाई
@फिनिशरदादा, काल रात्री जेवणं झाल्यावर आई आणि मी जमिनीवर चादर पसरून बसलो. सहाच्या सहा बोर्ड उलटे केले.

तिघांवर नुसता जॉब नंबर. दोघांच्या मागे शिक्का, वाचता येत नाही. सहावा साबणाच्या जाहिरातीचा, त्याचा बटर पेपर अजून जागेवर आहे. शीर्षकात ‘आंघोळ’ शब्द मोठा लिहिलाय. बटर पेपरवर लाल पेन्सिलीने ‘ळ’भोवती गोल आणि शेजारी इंग्रजीत ‘गाठ लहान करा’ अशा अर्थाचं काहीतरी. खाली काळ्या पेन्सिलीने मराठीत, ‘केली तर अक्षर पडेल. राहू द्यावी.’ आणि गाठ राहिलीय. छापायला गेलेल्या अक्षरात ती तशीच आहे, टपोरी, डावीकडची मोठी आणि उजवीकडची तिला टेकलेली.

नाव नाही. आद्याक्षरंही नाहीत. मी हिरमुसले. आई काही न बोलता उठली, स्वयंपाकघरातल्या फळीवरून जुनी वही घेऊन आली. बाबा निवृत्त झाल्यावर किराणा तेच आणायचे, यादी तेच लिहायचे. पहिलंच पान उघडलं. तूरडाळ, तांदूळ, गूळ, खोबरेल, मूगडाळ.

पाचांपैकी चारांत ‘ळ’, अगदी तसाच. आईने वही बोर्डाशेजारी ठेवली आणि चष्मा पुसत म्हणाली, “हे घे तुझ्या बाबांचं नाव.”

दोन्हींचा एकत्र फोटो सकाळी काढलाय. इथे डकवते थोड्या वेळात.

अक्षरवेडा
‘केली तर अक्षर पडेल’. दंडवत. फोटोची वाट बघतोय.

फिनिशरदादा
बोर्ड उभा ठेवू नका, आडवा ठेवा. आणि वही त्याच्याबरोबरच ठेवा.